पाऊण फेरा

उम्म अल कुवैनच्या बर्फ कारखान्यात
ऑगस्टमधले रात्रीचे दोन.
जनरेटरच्या शेडचा पत्रा दिवसाचं ऊन
अजून खाली गाळतोय.
मी, टेकबहादूर, आणि एक ब्लोअर,
जो गरम हवा या कोपऱ्यातून उचलून
त्या कोपऱ्यात नेऊन ठेवतो.

जुना गव्हर्नर काढून फडक्यावर ठेवलाय.
दोन वजनं, स्प्रिंग, काळं तेल.
सत्तावीस वर्षं ही वजनं
वेग वाढला की बाहेर फेकली जायची,
उतरला की हातपाय पोटाशी घ्यायची.
एवढंच कळायचं त्यांना, आणि तेवढं पुरायचं.
लिंकेजच्या रॉडवर एक जागा घासून चकचकीत झालीय.
ती परकारचाचांच्या अंगठ्याची.

चाचा दाभोळचे. टॅकोमीटर त्यांनी कधी मागितला नाही.
चहाचा ग्लास फाउंडेशनवर ठेवायचे,
चहावर उठणारी वर्तुळं बघायचे,
"पंचवीस कमी," म्हणायचे. पंचवीसच असायचे.
एकदा चाळीस निघाले, तर म्हणाले
चहा गार होता.

मार्चमध्ये त्यांचा व्हिसा संपला.
मग रागेबसाहेबांनी मागवला हा डबा.
तळहाताएवढा, राखाडी, आत राळ ओतून बंद केलेला;
काय विचार करतो ते उघडून बघायची सोय नाही.

ए-बी अ‍ॅक्च्युएटरला. सी-डी पिकअपला.
ई वजा, एफ अधिक, मध्ये पंधरा अँपियरचा फ्यूज.
टेकबहादूर मोठ्याने वाचतो, मी स्क्रू आवळतो.
पिकअपच्या तारांना वेणीचा पीळ, त्यावर जाळीचं कवच.
कवचाला अर्थिंग एकाच टोकाला.
दुसरं टोक कापायचं, टेप लावायची, मोकळं सोडायचं.
"दोन्हीकडे का नाही?"
दोन्हीकडे जमिनीला जोडलं, मी म्हणालो,
की दोन जमिनींमधला फरक त्यातून वाहायला लागतो.
मग डब्याला नसलेला वेग दिसतो.
तो थोडा वेळ गप्प राहिला.
मग टेपचे चार वेढे
गरजेपेक्षा जास्त दिले त्याने.

पिकअप हाताने आत फिरवायचा,
फ्लायव्हीलच्या दाताला टेकेपर्यंत,
आणि पाऊण फेरा मागे.
कमी मागे आला तर दात त्याला खाणार,
जास्त आला तर त्याला ऐकूच येणार नाही.
एकशे अठरा दात, मिनिटाला पंधराशे फेरे,
म्हणजे सेकंदाला दोन हजार नऊशे पन्नास वेळा
कुणीतरी दारावरून न थांबता जातं.
डबा ते मोजतो, त्याचं व्होल्टेज करतो,
व्होल्टेजचं डिझेल. सरळ आहे सगळं.

तीनला सुरू केलं.
चौदाशे साठ, पंधराशे चाळीस, चौदाशे साठ.
गेन कमी केला. स्टॅबिलिटी वाढवली.
दिवे फुगत होते, बसत होते.
पुस्तकातलं सगळं करून संपलं.

दाभोळला साडेचार. चाचा फजरसाठी उठलेले असणार.
"फोन इंजिनाजवळ धर," म्हणाले.
धरला. बराच वेळ.
"रॉडच्या मागच्या टोकाचा बुश ढिला आहे.
लोड आला की मी तिथेच अंगठा दाबून धरायचो.
सांगितलं नव्हतं का तुला?"
नव्हतं.

व्हॅनमध्ये एक बुश होता, मापाचा नव्हता.
कानसून बसवला.
इंजिन चढलं, आणि पंधराशेवर उभं राहिलं,
गाडी लागलेला माणूस खाली उतरून उभा राहतो तसं.

फोन चालूच होता.
"पंधरा जास्त आहेत," चाचा म्हणाले.
मीटरवर पंधराशे, शेवटच्या आकड्यापर्यंत.
हो, करतो कमी, म्हणालो.
स्क्रूड्रायव्हर खाचेत ठेवला, फिरवला नाही.
"आता बरोबर," तिकडून आलं.

पाच वाजता बर्फाची पहिली लादी घसरत खाली आली.
टेकबहादूरने फडक्यासकट वजनं उचलली:
भंगारात टाकू?
नको, दे इकडे.
तीन किलो असतील.
डिसेंबरमध्ये सुट्टी आहे.